रांजणातली अंगाई

द्राक्षांची गाडी अंगणात येऊन ठेपली, तरी वाइनचा मोठा रांजण अजून धुवायचाच होता.

"माझे खांदेच आत जात नाहीत, त्याला मी काय करू?" जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणाच्या तोंडाशी बसून शाल्वा म्हातारा करवादला.

"खांदे कसले, पोट म्हणा!" त्याची बायको मार्गो म्हणाली. मुलगा बेसो तर बापाहून आडवा. रस्त्यावर कारखान्याचा ट्रक उभाच होता. दुपारपर्यंत रांजण तयार झाला नाही, तर सगळी काळीभोर द्राक्षं त्याच्या घशात जाणार होती.

बेसोची बायको नेस्तान पुढे झाली. मूल जन्मलं त्या सालचा रस रांजणात भरायचा, तोंड मातीनं लिंपायचं आणि त्याच्या लग्नातच उघडायचं, ही या घराची रीत. आणि तिची एलिसो याच उन्हाळ्यात जन्मली होती. हे साल काही परत येणार नव्हतं.

"मी उतरते," ती म्हणाली.

"ओली बाळंतीण तू!" सासूनं एलिसोला छातीशी धरलं.

"चार महिने झाले, आई. वाळले की आता!"

शाल्वानं आत पेटती मेणबत्ती सोडून पाहिली. ती विझली नाही, म्हणजे आत श्वास घेण्याजोगी हवा होती. मग त्यानं सुनेच्या कमरेला दोर बांधला. "आत असेपर्यंत गात राहायचं. आवाज थांबला की मी दोर ओढणार. विचारत बसणार नाही."

ती शिडीवरून उतरली. आत गार, ओलं, अंधारं. चेरीच्या झाडाच्या सालींच्या कुंच्यानं ती भिंती घासू लागली. पुरुषांची कामाची गाणी तिला कुठली येणार? तोंडात आली ती अंगाईच. पण रांजणात आवाज असा घुमला, की जणू डोंगरच गाऊ लागला!

आणि वर एलिसो हसली. खळखळून. जन्मात पहिल्यांदा.

नेस्तान गायचीच थांबली. कान वर, कुंचा हातात. तेवढ्यात कमरेला असा हिसका बसला, की ती शिडीवर आपटली.

"जिवंत आहे, बाबा! जिवंत आहे! पोरगी हसली ना!"

"मग गात ऐक की, भवाने! माझा जीव गेला असता!"

पुन्हा अंगाई, पुन्हा हसू. वर मार्गो रडतेय की हसतेय, कळेना.

तीनदा पाणी उपसलं. तिसऱ्या पाण्याचा घोट शाल्वानं पचकन थुंकला. "गेल्या सालची चव आहे अजून."

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.

"अजून एकदा!" नेस्तान आतून ओरडली. खांदे भरून आले होते, दूध दाटून पोलक्यावर उतरलं होतं. तिनं तळ घासला, कड घासली, मग पुन्हा तळ.

चौथं पाणी. शाल्वानं वाडगा उजेडात धरला. सगळे वाडग्याकडे बघत होते. एलिसोसुद्धा. रांजण धुतलेलं शेवटचं पाणी मालकानं पिऊन दाखवायचं असतं. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला... आणि गिळला. मग अख्खा वाडगा घटाघटा संपवून त्यानं मिशा पुसल्या.

"बेसो! त्या ट्रकवाल्याला सांग, लग्नाला ये म्हणावं. वीसेक वर्षांनी!"

नेस्तान ओल्या पायांनी वर आली ती थेट लेकीकडेच धावली. मागे रस काढायला द्राक्षांची पहिली पाटी रिकामी होत होती.