चाके माझ्या मापाची

मी एक जुनी स्टेपनी आहे. मोटारीच्या डिकीत, गालिच्याखाली, खास माझ्यासाठी केलेल्या खोलगट जागेत पडून असणारे पाचवे चाक. मित्रांनो, एवढे वाचून तुमच्या ओठांवर 'बिचारी' हा शब्द आला असेल, तर तो तिथेच गिळून टाका. कीव करून घेण्यासाठी मी तोंड उघडलेले नाही. 'अडगळ', 'ओझे', 'काळे भूत' अशी पुष्कळ नावे मला ठेवून झाली आहेत, आणि ती ठेवणाऱ्यांनी पुढे माझ्यासमोर गुडघे टेकले आहेत. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. चाक बदलायचे म्हटले की गुडघे टेकावेच लागतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पोलादाच्या जाड पत्र्यावर यंत्राचा दाब पडला, तबकडी झाली, तिला गोल कडे सांधले, काळा रंग चढवला आणि वर रबराचा टायर बसवला. आम्ही पाच बहिणी एकाच दिवशी, एकाच मापाच्या घडलो. चौघींना रुपेरी टोप्या मिळाल्या आणि त्या एका छोट्या मोटारीच्या चारी अंगांना लागल्या. मला टोपी मिळाली नाही. मी रुसले नाही. ज्याला अडचणीच्या वेळी उभे राहायचे असते, त्याने टोपी सांभाळत बसू नये.

माझ्या खांद्यावर आकडे कोरलेले आहेत: १७५/६५ आर १४. ते नीट समजून घ्या, कारण पुढे सारे रामायण त्यावरच घडले. पहिला आकडा माझी रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा माझ्या रबरी भिंतीची उंची. ती रुंदीच्या शंभरात पासष्ट भाग आहे. शेवटचा माझ्या पोलादी तबकडीचा व्यास, इंचांत. मोटार घडवणाऱ्यांनी हे आकडे हवेतून पकडलेले नव्हते. चाकावरचा कमानीसारखा पत्रा, वळताना लागणारी जागा, वेग दाखवणारा काटा, हे सगळे आमच्या मापाला धरून बेतलेले होते.

ती मोटार एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. स्कूल एका बाईंचे होते. खाली फरसबंद अंगण, त्यात पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या. वर पहिल्या मजल्यावर बाईंचे घर आणि अंगणावर उघडणारी गच्ची. बाई सडसडीत आणि आवाजाने खणखणीत होत्या. त्यांनी 'थांबा' म्हटले की शिकणाऱ्याच्या आधी मोटारच थांबेल की काय असे वाटे. त्यांचा एक दंडक होता. नवा विद्यार्थी आला की त्याला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. "आधी डिकी उघडा," त्या म्हणत. "मला बाहेर काढून बसवायला जो शिकला नाही, त्याला चालवायचा काय अधिकार, असं आतली स्टेपनी विचारतेय. ऐकू येतंय का?" विद्यार्थी माना डोलवत. मग डाव्या मागच्या चाकाचे बोल्ट सैल करणे, जॅक लावणे, मला उचलून बसवणे, पुन्हा उतरवणे. कितीतरी शिंपी, शिक्षिका, निवृत्त कारकून आणि कॉलेजच्या पोरी माझ्या वजनाने घामाघूम झाल्या. दर महिन्याला चार बहिणींबरोबर माझीही हवा तपासली जाई. रबर जुने झाले तेव्हा बाईंनी तेही नवे घातले. हाडे मात्र तीच.

मग बाईंचा गुडघा बिघडला. शस्त्रक्रिया झाली आणि विश्रांतीसाठी त्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. स्कूल बहिणीच्या मुलाच्या हाती आले. भाचा मनाने वाईट नव्हता. डोळ्यांनी मात्र भुलणारा होता. पलीकडच्या रस्त्यावर नवे ड्रायव्हिंग स्कूल निघाले होते आणि त्यांच्या मोटारींना चकाकणारी मोठाली चाके होती. भाच्याने मावशीला चकित करायचे ठरवले. एका सकाळी तो मोटार घेऊन टायरच्या दुकानात गेला आणि संध्याकाळी ती परत आली, तेव्हा तिच्या पायांत २०५/५० आर १६ अशी रुंद, मोठी, पाच पाकळ्यांची चाके होती. माझ्या चार बहिणी त्या दुकानातच राहिल्या. त्यांचा निरोप घेण्याची सोयही मला झाली नाही.

माझ्या जागेत त्याने स्पीकर बसवला. मला वर गच्चीत नेले, आडवे टाकले आणि माझ्यावर कोरफडीची कुंडी ठेवली. पाणी घातले की चिखल माझ्या मधल्या भोकातून गळे. मी कुंडी सांभाळली. काम आहे तर ते नीट करायचे, मग ते आपल्या लायकीचे असो वा नसो. पण कान मात्र अंगणाकडे लावून ठेवले.

त्या वेळी शिकायला येणाऱ्यांत एक परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. हात स्थिर, बोलणे मऊ, पण दुसरीकडे शिकून परीक्षेत दोनदा नापास झालेल्या, आणि दोन्ही वेळा एकाच जागी: स्टिअरिंग पूर्ण फिरवून अरुंद जागेत मोटार वळवताना. त्यांच्या रुग्णालयात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याचे काम निघाले होते. त्यासाठी स्वतः मोटार चालवता येणे आवश्यक होते. ते काम मिळाले तर वर्षानुवर्षांची रात्रपाळी सुटणार होती आणि मुलीच्या शेजारी झोपता येणार होते. या वेळी नापास झाल्या, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

नव्या चाकांवर त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वळण घेतले आणि पुढून आवाज आला: खर्रर्र! सिस्टरनी घाबरून ब्रेक दाबला.

"काय केलं मी?"

"काही नाही हो," भाचा म्हणाला. "तुम्ही स्टिअरिंग फार ओढता. जरा हलक्या हातानं घ्या."

दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने घेतले, तरी खर्रर्र. इतर विद्यार्थ्यांनीही तो आवाज ऐकला आणि हसून सोडून दिला. सिस्टरना ते जमले नाही. वळण अर्ध्यावर आले की त्यांचे हात आपोआप थबकू लागले. जिथे आधीच भीती बसली होती, तिथेच भाच्याने तिला पाट मांडून दिला. मला वरून सारे कळत होते. ती मोठी रुंद चाके पूर्ण वळली की आतल्या अस्तराला घासत होती. भाच्याने ती बसवल्यावर मोटार चालवून पाहिली होती, पण कुठे? सरळ, मोठ्या रस्त्यावर, एकटा बसून, गाणी लावून! आणि मोटार कुणाची, तर शिकणाऱ्यांची, जे दिवसभर अंगणात टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवतात. चूक चाकांच्या निवडीत होती आणि बोल एका कष्टाळू बाईला लागत होता. मित्रांनो, कुंडीखाली पडून मी जितकी तापले, तितकी उन्हातल्या डांबरावरही कधी तापले नव्हते.

एके दिवशी सिस्टर मोटारीतून उतरल्या आणि किल्ली भाच्याच्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या हातात नाहीच ते. नाव काढून टाका माझं."

त्याच वेळी फाटकाशी काठीचा आवाज झाला. "कुणाचं नाव काढताय, राजे?"

बाई परतल्या होत्या. भाच्याला 'राजे' म्हटले की घरात सगळ्यांना आपापली कामे आठवत. भाच्याचा चेहरा मात्र खुलला. "मावशी! बघ ना, चाकं बघ!"

"चाकं दिसली. आधी ऐकू दे." गणवेशातल्या सिस्टरकडे वळून त्या म्हणाल्या, "बसा. पूर्ण वळवा. थांबायचं नाही."

खर्रर्र.

"हं. हा तुमचा आवाज नव्हे, सिस्टर. हा यांचा आहे." काठीचे टोक भाच्याकडे गेले. मग त्यांनी डिकी उघडायला लावली. "स्टेपनी कुठाय?"

"वर... कुंडीखाली."

"आण तिला खाली. कुंडी घे डोक्यावर."

मला खाली आणले, धुतले, हवा भरली. नव्या चाकांपैकी एक काढायला लावले. भाच्याने गुडघे टेकले, हे सांगायला नकोच. मग बाईंनी खडू मागवला. माझ्या रबरावर जमिनीला टेकलेल्या जागी एक रेघ, तिच्याखाली फरशीवर एक रेघ. मला सरळ रेषेत ढकलत नेले. माझी रेघ फिरून पुन्हा जमिनीला टेकली तिथे फरशीवर दुसरी खूण. मग त्याच रेघेपासून नवे चाक. ते एका फेरीत माझ्या खुणेच्या पंजाभर पुढे गेले.

"बघितलंस? प्रत्येक फेरीला हे एवढं जास्त धावतं," बाई म्हणाल्या. "काट्याला वाटतं, अजून स्टेपनीच फिरतेय. तो पन्नास दाखवणार आणि गाडी पन्नासच्या पुढे. वेगमर्यादा मोडणार सिस्टर, आणि खोटी साक्ष देणार काटा! शिवाय रुंदी बघ. वळताना बसायला जागा आहे का याला?"

"पण मावशी, दिसतात किती छान!"

"दिसतात की. मी कुठं नाही म्हणते? तू लग्नात घातलेले बूटही छान दिसत होते. लंगडत होतास दोन दिवस."

सिस्टर खूप दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच टायरच्या दुकानात गेलो. डिकीत स्पीकर होता, म्हणून बाईंनी मला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि स्वतः मागे बसल्या. सिग्नलला शेजारच्या मोटारीतला माणूस टक लावून बघत होता. मी नजर खाली केली नाही.

दुकानदार खडू बघून म्हणाला, "बाई, हल्ली असं कोण मोजतं? मोबाईलवर सगळं दिसतं."

"दिसतं ना? मग आमच्या भाच्याला चाकं देताना का नाही दिसलं? काढा मोबाईल. खडूही धरा. दोघांचं उत्तर एक आलं, तर कुणाचाच अपमान नाही."

बाई हट्टी होत्या, आंधळ्या नव्हत्या. चौदा इंचीच हवे असा आग्रह त्यांनी धरला नाही. तबकडी मोठी घ्यायची तर रबराची भिंत तेवढी उतरवायची, बाहेरचा घेर मात्र मूळचाच राहिला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. एक चाक फिरवले, खुणेपुढे गेले. दुसरे, अलीकडेच थांबले. मग १८५/५५ आर १५ आले. माझी खूण आणि त्याची खूण यांत बोटाचे अंतरही पडले नाही. मोबाईलनेही तेच सांगितले. रबरावर भार पेलण्याचा जो आकडा असतो, तोही माझ्याइतकाच होता. तबकडीची बैठक कमानीत नीट येते ना, ते मोटार उचलून, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून पाहिले. दुकानदाराने तोंड वाकडे केले, पण आधीची चाके बदलून दिली. रुपेरी पंधरा इंची चाके पाहून भाच्याची कळीही खुलली.

निघताना बाई थांबल्या. "हिचे बोल्ट?"

"नवीन चाकांना नवीन लागतात, बाई. जुने त्या डब्यात असतील."

"नवे लांब आहेत, हिच्या पातळ पत्र्याला चालायचे नाहीत. हिचे हिला द्या." माझे चार बोल्ट शोधून काढले गेले आणि कापडी पिशवीत घालून माझ्याबरोबर ठेवले गेले. स्पीकर गेला आणि मी माझ्या जागी आले.

सिस्टर भाच्याच्या हाताखाली आलेल्या, म्हणून त्यांचा पहिला धडा राहूनच गेला होता. तो बाईंनी त्याच संध्याकाळी घेतला. सिस्टरनी मला उचलले, बसवले, उतरवले. रुग्णांना कुशीवर वळवणारे ते हात होते. माझे वजन त्यांना नवे नव्हते. त्यानंतर त्या रोज वळण घेऊ लागल्या. आवाज गेला, पण थबकण्याची सवय लगेच गेली नाही.

परीक्षेच्या सकाळी मोटार भाचा चालवत होता, "सिस्टरना ताण नको" म्हणून. मैदानाच्या फाटकात त्याने ऐटीत वळण घेतले आणि मागचे डावे चाक फुटपाथच्या कडेवर आदळले. फस्स! रुपेरी चाकाचा टायर बाजूने फाटला.

"मी बघतो, मी बघतो," भाचा घाईघाईने उतरला.

"तुम्ही बाजूला व्हा," सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण भाचा झाला बाजूला. बाई आतच बसून राहिल्या. काठीवर हनुवटी टेकवून त्या समोर बघत होत्या. सिस्टरनी गालिचा उचलला, पिशवीतले माझे बोल्ट घेतले, गुडघे टेकले. मी लागले. हात काळे झाले, ते त्यांनी रुमालाला पुसले आणि चालकाच्या जागी जाऊन बसल्या.

परीक्षक मोटारीभोवती फिरून माझ्यापाशी थांबले. "हे एक चाक वेगळं दिसतंय."

"वेगळी ती तीन आहेत, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "ही मूळची आहे. तिच्याच मापानं ती घेतलीत."

परीक्षकांनी वाकून माझ्या खांद्यावरचे आकडे वाचले, मग शेजारचे वाचले, आणि आत बसले. अरुंद जागा आली. स्टिअरिंग फिरू लागले, अर्ध्यावर आले. मला मागून त्यांचे हात दिसत नव्हते; पण मोटार थबकली नाही, एवढे मला ठाऊक आहे, कारण मी फिरत होते. टोकापर्यंत वळण. रबराखाली खडी वाजली, बाकी कसलाही आवाज नाही.

आता सिस्टर स्वतःच्या छोट्या मोटारीतून घरोघरी जातात, आणि तिच्याही डिकीत माझी एक सख्खी जातवाली आहे. आमच्या अंगणात पहिला धडा पुन्हा डिकीपासून सुरू होतो. हल्ली तो भाचा घेतो, आणि मावशीचीच वाक्ये इतक्या ठसक्यात बोलतो की जणू ती त्यालाच सुचली आहेत. बोलू दे.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. हुकूम राहिले आहेत. घरी मोटार असेल तर डिकीचा गालिचा उचला. आतल्या माझ्या बहिणीची हवा तपासा, तिचे बोल्ट जागेवर आहेत का पाहा, तिच्यावरच्या पिशव्या आणि फाटक्या छत्र्या काढा. आणि मोटारीला नवी, मोठी, चकाकणारी चाके घ्यायची हौस आली, तर जरूर घ्या. पण दुकानात एकटे जाऊ नका. तिला बरोबर न्या. पुढच्या सीटवर बसवा. आणि पट्टा लावा.