भरल्या ताटावरून

नांदेडला आमच्या मीडिया प्रॉडक्शनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटी फिल्म करावी लागते. माझी गोष्ट वर्गात वाचली तेव्हा टाळ्या पडल्या. मुलगा जेवता जेवता आईला सांगतो, 'आई, मी पुण्याला कामाला चाललो,' आणि आई भडकून म्हणते, 'ऊठ ताटावरून!' तिथंच फिल्म संपते. हे वाक्य लिहिताना मी स्वतःच रडले होते, एवढी मी थोर लेखिका.

खरं म्हणजे पुण्याला कुणी मुलगा चालला नव्हता, मी चालले होते. एका एडिटरच्या हाताखाली काम मिळालं होतं. आणि इकडं आईनं चाकूरच्या स्टँडसमोर मामाच्या इमारतीतला गाळा माझ्या फोटो स्टुडिओसाठी पक्का करून ठेवला होता. 'बायामाणसांचे फोटो काढायला बाईच पायजे,' असं ती अख्ख्या गावाला सांगत होती. तिच्यासमोर तोंड उघडेना, म्हणून मी फिल्म लिहिली. असल्या भित्रेपणाला आमच्याकडं क्रिएटिव्ह म्हणतात.

शूटिंग गावाकडच्या आमच्या घरी ठेवलं. आईची भूमिका करणारी बाई ऐनवेळी आली नाही, म्हणून मी आमच्या आईलाच चुलीपुढं बसवलं. ती ठेवणीतली साडी नेसून, पावडर लावून तयार झाली होती. मी तिला रोजचं लुगडं नेसायला लावलं, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. कॅमेऱ्यावर माझी मैत्रीण उज्वला होती आणि मुलाच्या भूमिकेत आमच्या वर्गातला मुदखेडचा सत्यम.

पहिल्या टेकला सत्यमनं दोन घास खाल्ले आणि मी 'कट' म्हणाले. उजेड हलला होता. "आई, ते ताट उचल आणि तसंच दुसरं वाढ."

"आगं, जेवून राहिला की त्यो. अर्ध्या ताटावरून कसं उठवू?"

किती समजावलं, पण आई हटेना. ताट रिकामं झाल्याशिवाय दुसरं वाढायला ती तयार नव्हती. मग दरेक रिटेकला सत्यम भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी सगळं संपवायचा, मग आई नवं ताट मांडायची. सुरुवातीला हॉस्टेलचं पोरगं खुशीत होतं. नंतर त्यानं हळूच पट्टा सैल केला.

शेवटी तो मुख्य शॉट आला. सत्यम म्हणाला, "आई, मी पुण्याला कामाला चाललो." आता आईनं भडकायचं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"कट! आई, वाक्य!" मी ओरडले. "ऊठ ताटावरून म्हण ना!"

"न्हाई म्हणत."

"ही गोष्ट आहे गं, खरं थोडंच आहे?"

"गोष्टीत बी जेवत्या लेकराला कुणी उठवतंय का? कुणी लिहिलंय हे?"

"मी," मी चिडूनच म्हणाले.

आई माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुला कवा गं उठिवलं मी ताटावरून?"

उज्वला उगाच कॅमेऱ्याचं बटण चाचपू लागली. तिला आणि सत्यमला दोघांनाही सगळं ठाऊक होतं. आईनं आमच्या तिघांची तोंडं एकदा पाहिली आणि तिलाही ते कळलं.

"ह्या लेकराला कामून तरास देतीस?" ती म्हणाली. "तू बस हितं. तुझं तू सांग."

सत्यमनं राहिलेला घास कसाबसा गिळला आणि सुटका झाल्यासारखा बाजूला झाला. त्याच्या जागी मी बसले. आईनं माझ्यापुढं ताट मांडलं. उज्वलानं हळू आवाजात विचारलं, "चालू करू?" मी मान डोलावली.

"आई, मी पुण्याला चाललेय," मी म्हणाले. सत्यमला मी हे वाक्य ठामपणे म्हणायला शिकवलं होतं. मी मात्र ते ताटाकडं बघत कसंबसं पुटपुटले.

आई तव्याकडं बघत होती. भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

"मामानं गाळ्याला शटर बसीवलंय," ती म्हणाली. "तू म्हणलीस म्हणून निळा रंग दिलाय."

"माहिताय मला."

"आन् मी समद्यास्नी सांगून बसले."

मी रडायला लागले. मला तिच्याजवळ राहायचं होतं आणि पुण्यालाही जायचं होतं, आणि या दोन्हीचं काय करायचं ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आईनं पदरानं डोळे पुसले, करपलेली भाकरी आपल्याकडं ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

"तकडं भाकर भेटती का?"

"भेटती."

"तुला थापाया तर येत न्हाई."

"शिकते."

"कवा शिकतीस?" ती म्हणाली, आणि फुगलेली गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. "जेव आधी. सकाळधरनं तुझ्या पोटात काय न्हाई."

मी जेवू लागले. उज्वला माझ्याकडं बघत होती, कारण कट मी म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडात घास होता. मध्येच थांबवावं असं मलाही वाटेना. मी पिठलं पुसून खाल्लं, चटणीचा कणही ठेवला नाही.

ताट स्वच्छ झालं तेव्हा आईनं तांब्या उचलून माझ्या हातात दिला.

"ऊठ आता ताटावरून," ती म्हणाली. "हात धू. मामाला मी सांगते."