सांबराचं ओझं

दुकानदार ग्लेनने वाळूची तिसरी पिशवी बॅगेत सरकवली, तसे ब्लेझचे गुडघे किंचित वाकले.

"तीस किलो," ग्लेन म्हणाला. "आता पट्टा आवळ. ओझं खांद्यांवर नको, कमरेच्या हाडांवर बसलं पाहिजे. मग त्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करून ये."

पेनरिथच्या त्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मधोमध एक लाकडी जिना होता. तो कुठेच जात नव्हता. शिकारीला जाणाऱ्यांनी भरलेली बॅग पाठीवर घेऊन चढून बघावं, एवढ्यासाठीच तो ठेवलेला. ब्लेझ एकेक पायरी चढू लागला. खाली स्टुलावर शंतनू डावा पाय लांब करून बसला होता. त्या पायाला गुडघ्याखालून पावलापर्यंत ब्रेस होता. त्याच्याशिवाय पाऊल उचललं जात नव्हतं, लोंबत राहायचं.

"या वेळी दोघांचं सामान हाच उचलणार," शंतनू ग्लेनला सांगत होता. "तेव्हा बॅग नीट बघून द्या. माझा जीव वाचवलाय यानं."

ब्लेझने कठडा घट्ट धरला.

दोघं सोळा वर्षांपूर्वी या देशात एकाच युनिव्हर्सिटीत शिकायला आले होते, ब्लेझ वसईहून, शंतनू पुण्याहून. टूनगॅबीच्या एका खोलीत दोन वर्षं काढली, मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, इथे कायम राहायचा पीआर मिळाला. शिकारीचा नाद ब्लेझला पॅरामॅटाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे लागला आणि त्याने तो शंतनूला लावला. गेल्या जुलैत, इथल्या हिवाळ्यात, टूमटच्या पुढच्या जंगलात, सहा वर्षांत पहिल्यांदाच ब्लेझने सांबर पाडलं. मांस कापून दोघांनी बॅगा भरल्या. चढाला लागून दहा मिनिटंही झाली नसतील, शंतनू ओल्या दगडावरून घसरला आणि खाली घळीत कोसळला. नडगीचं हाड मोडलं. फोनला रेंज नव्हती, आणि मदत मागवायचा बीकन 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणून राहून गेला होता.

सकाळचे दहा वाजले होते. ब्लेझने त्याला स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं, पाणी उशाशी ठेवलं आणि गाडीकडे निघाला. वाट चार तासांची होती. त्याला नऊ लागले. तोवर अंधार पडला, ढग खाली उतरले, हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. माणसं पायी पोचली ती पहाटे. सुजेखाली पायाची नस तोवर मेली होती. "थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती," असं डॉक्टर म्हणाले होते.

वाट चुकली, असं ब्लेझने सगळ्यांना सांगितलं होतं. बॅग तिथेच रिकामी केली आणि पळत सुटलो, असंही.

जिना उतरून तो वळला, तेव्हा शंतनू मोठ्या पिशवीतून काहीतरी काढत होता. ब्लेझची गेल्या जुलैतली हिरवी बॅग.

"ही कुठून आणलीस?" ब्लेझने मराठीत विचारलं.

"तुझ्या गराजमधून. पॉलीनवहिनीने दिली."

"टाकून दे म्हटलं होतं मी तिला."

"म्हणाली, धुऊन काढली तर चालेल अजून." शंतनूने बॅग ग्लेनपुढे धरली. "जुनी बघितली की नवीन कशी हवी ते कळेल ना?"

ग्लेनने बॅग उलटीपालटी केली. पाठीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. कमरेच्या पट्ट्याची शिवण एका बाजूने उसवली होती. त्याने आतला फोम बोटाने दाबला. तो काळपट तपकिरी आणि कडक झाला होता.

"बापरे," तो म्हणाला. "ही ट्रेकिंगची बॅग आहे, मांस वाहायची नाही. किती वेळ चाललास हिच्यात माल घेऊन?"

"दहा मिनिटं," शंतनू म्हणाला.

ग्लेन हसला. "दहा मिनिटांत इतकं होत नाही, मेट. रक्त पार अस्तरापर्यंत झिरपलंय, शिवण घासून घासून गेलीय. हे दिवसभराचं काम आहे." मग त्याने ब्लेझच्या पाठीकडे नजर टाकली. "तुझी पाठ लांब आहे. थांब, मोठी फ्रेम आणतो." आणि तो मागच्या गोदामात गेला.

ब्लेझच्या पाठीवर तीस किलो तसेच होते. ते उतरवायचं त्याला सुचलं नाही.

"कुठपर्यंत?" शंतनूने विचारलं.

ब्लेझने ओठ ओले केले. "गाडीपर्यंत."

शंतनू ब्रेसचा पट्टा सोडत होता, पुन्हा चिकटवत होता.

"पहिलंच होतं रे," ब्लेझ म्हणाला. "प्रत्येक चढाला वाटायचं, पुढच्या वळणावर टाकतो. वळण आलं की वाटायचं, इतकं आणलंच आहे तर आता..."

"मग? खाल्लंत?"

"नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, कचऱ्याच्या डब्यात. वाट नव्हती चुकली, शंतनू."

"माहितीये."

ब्लेझने मान वर केली.

"मला उचलायला आलेला एक जण म्हणत होता, तुझ्या मित्राला तपासायला हवं, त्याची पाठ रक्ताने भिजलीय." शंतनूने पट्टा चिकटवला आणि त्यावर हात दाबून धरला. "आठ महिने झाले. म्हटलं, सांगेल."

"तू विचारायचंस तरी."

"मी का विचारू?"

शेजारच्या रांगेत कुणीतरी टॉर्च लावून बघत होतं, विझवत होतं. आता शंतनू उठेल, ट्रेनने एकटा घरी जाईल, असं ब्लेझला वाटलं. शंतनू उठला नाही.

ग्लेन दोन बॅगा घेऊन आला. "ही ऐंशी लिटरची. हिच्यात फ्रेम आणि बॅगेच्या मध्ये मांस अडकवता येतं, कितीही लांब चाल..."

"ते राहू दे," शंतनू इंग्रजीत म्हणाला. "झटक्यात टाकून देता येईल अशी कुठली आहे? एका हाताने."

ग्लेन गोंधळला. "लोक सहसा उलटं विचारतात." तरी त्याने पुढे होऊन ब्लेझच्या अंगावरच्या बॅगेची बकलं बोटाने दाखवली. "ही चालेल. आधी छातीवरचं काढ, मग कमरेचं, आणि खांदा खाली सोड."

ब्लेझने छातीवरचं बकल काढलं. कमरेच्या बकलाशी बोटं अडखळली, मग ते सुटलं. बॅग मागे गेली आणि फरशीवर धाडकन आदळली. काउंटरवरच्या बाईने वळून पाहिलं. पाठ अचानक मोकळी झाली तसा ब्लेझचा तोल पुढे गेला. तो सावरला आणि बॅग उचलायला वाकला.

शंतनू मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजत होता.

"घाल पाठीवर," तो म्हणाला. "परत टाकून दाखव."