झेंड्याच्या आधी

चावीला लटकलेलं ते छोटं लाल हेल्मेट — अंगठ्याच्या नखाएवढं, त्याला उघडझाप होणारी काचसुद्धा — नरेशने ब्रेक दाबला की पुढे झुकायचं, गाडी सुटली की मागे यायचं, आणि झिरकपूरच्या गर्दीत गाडी सारखी सुटत होती, सारखी थांबत होती. हेरंब त्याच्याकडेच बघत बसला. नरेशच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते बरं.

"भाईसाब, बस सच ही बोलना है," नरेश म्हणाला. "और कुछ नहीं."

खरं तेच बोलायचं होतं. नरेशच्या क्लबच्या मोटारसायकल शर्यती असल्या की हेरंबची बायको देवयानी डॉक्टर म्हणून टायरांच्या भिंतीआड उभी राहायची — आठवडाभर हॉस्पिटल करून, रविवारी, फुकट. नियम एकच. कुणी पडला तरी लाल झेंडा हलेपर्यंत भिंत ओलांडायची नाही, मागून गाड्या येत असतात. आणि ती दर वेळी आधीच धावायची. हेरंब हवाई दलातला माणूस, त्याला ते बघवायचं नाही, घरी आल्यावर भांडण व्हायचं. "झेंड्याकडे बघत बसू का? आणि तोवर तो गेला तर?" — हे ती कणीक मळता मळता म्हणायची, मान वर न करता... मागच्या फेब्रुवारीत ती तशीच धावली. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं, ती जागीच गेली. ज्याच्यासाठी धावली तो आपला आपण उठला, गुडघे झटकले आणि हँडल वाकलंय का ते बघू लागला.

तेव्हापासून क्लबला कुणी विमा देईना. एक कंपनी तयार झाली, पण तिने सांगितलेला हप्ता पोरांनी गाड्या विकल्या तरी भरला नसता. विमा नाही तर मैदान नाही, मैदान नाही तर क्लब बंद. मग त्या कंपनीतल्या बाईंनी वाट काढली. चूक मैदानाची नव्हती, डॉक्टरांची स्वतःची होती, असं त्यांच्या नवऱ्याने येऊन सांगितलं तर हप्ता खाली आणता येईल.

म्हणजे आपल्या बायकोची चूक यांना हवी होती. हप्ता परवडावा म्हणून.

सेक्टर चौतीसमधल्या विमा कंपनीच्या ऑफिसात त्या बाईंनी आडनाव ऐकलं आणि चष्मा काढला. "मराठी? अहो, कुठले तुम्ही?"

"साताऱ्याचा."

"मी वंदना, अकोल्याची. बसा, बसा. दिवसभर हिंदी बोलून जीभ दुखते हो." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला विचारायला बरं वाटत नाही. पण मॅडम झेंड्याआधी पुढे गेल्या, असं क्लबचं म्हणणं आहे."

शेजारी नरेश हात जोडल्यासारखे गुडघ्यांत धरून बसला होता. त्याला मराठी येत नव्हती. हेरंबने आधी त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग वंदनाबाईंकडे वळून तो शांतपणे म्हणाला, "नाही. ती टायरांच्या आडच उभी होती. गाडी भिंत फोडून आत आली. टायर नुसते रचलेले होते, बांधलेले नव्हते. झेंडा तर कुणी दाखवलाच नाही."

टायर, झेंडा — ओळखीचे शब्द आले तशी नरेशने मान डोलावली. जोरजोरात डोलावली. हेरंबला आत कुठंतरी गोड वाटलं, इतकं गोड की त्याने पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, आणि नरेशने पुन्हा मान डोलावली.

"नक्की?" वंदनाबाईंनी विचारलं.

"मी तिथंच होतो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग अवघड आहे. मग यांना कुणीच देणार नाही." त्या नरेशकडे बघून कसंनुसं हसल्या. "ठीक है जी, हम बता देंगे."

जिन्यात नरेशने हेरंबचा खांदा दाबला. डोळे भरले होते त्याचे. "अपनी ज़बान में आपने दिल खोल दिया, भाईसाब. मैं सब समझ गया. अब ट्रॉफी भाभीजी के नाम की होगी."

"पक्का?"

"पक्का, जी."

गाडी सुरू झाली, हेल्मेट पुन्हा झुकू लागलं. संपला यांचा क्लब... हे त्याने दोनदा मनात म्हणून पाहिलं, पण मघाचा गोडवा आता येईना. त्याऐवजी ती दिसली. टायरांच्या आड, बॅग खांद्याला, आपण आत्ता सांगितलं तशीच. समोर पोरगा पडलेला. तिने हलायला हवं होतं एव्हाना, ती नेहमी हलायची, हेरंबचा जीव खाली-वर करत भिंतीवरून उडी टाकायची — ही कोण मग? ही का उभी आहे?

धाव, तो मनात म्हणाला. अगं, धाव ना.

ती झेंड्याकडे बघत उभी राहिली.