बादलीचा रविवार

स्कारनेसच्या फुटबॉल क्लबाने सव्वाशे वर्षांत सांगण्यासारखे काही जिंकले नव्हते, आणि त्याची लाज गावाने कधी बाळगली नव्हती. जिंकणाऱ्यांचे कौतुक कोणीही करतो. हरणाऱ्यांच्या मागे दर शनिवारी समुद्रवारा खात उभे राहायला घराचे वळण चांगले असावे लागते, असे ऑड्री लॅमिंगबाईंचे मत होते, आणि बाईंचे मत एकदा झाले की त्या गावात ते सहसा बदलत नसे.

बाईंनी ऐंशी ओलांडली होती. मैदानाच्या फाटकाजवळची चहाची टपरी लग्न झाल्यापासून त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्या नजरेआड तिथे कोणाच्या कपात दुसरा चमचा साखर पडली नव्हती. मदतीला पेग होती, बालमैत्रीण. तिचे हात संथ होते आणि जीभ चपळ. क्लबाचा अध्यक्ष म्हणजे बाईंचा एकुलता मुलगा ग्रॅहम. त्या मार्चमध्ये भरलेल्या सभेत त्यानेच उठून सांगितले होते, की मैदानात हिवाळाभर खारे पाणी साचते, निम्मे सामने रद्द होतात, आणि आता एकतर प्लास्टिकचे गवत घालायचे, नाहीतर क्लब मिटवायचा. हात वर झाले. बाईंनी ना बाजूने हात वर केला, ना विरोधात. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या, आणि त्या दिवसापासून मुलाशी कामापुरतेच बोलू लागल्या.

आता जून उजाडला होता. रविवारी मैदानाचा निरोप व्हायचा होता आणि सोमवारी यंत्र येऊन सगळी माती उपसणार होते. त्या मातीत बाईंचा नवरा होता.

डेनिस लॅमिंग पेशाने नळकाम करणारा आणि शनिवारपुरता क्लबाचा डावा बचावपटू. बासष्ट साली चषकाच्या सामन्याला उत्तरेकडचा एक मोठा संघ स्कारनेसला आला. शेवटच्या मिनिटापर्यंत गावाचा संघ एका गोलाने मागे होता, आणि तेवढ्यात पेनल्टी मिळाली, समुद्राकडच्या गोलावर. डेनिसने चेंडू ठिपक्यावर ठेवला. तो धावत आला, आणि नेमक्या त्या क्षणी वाऱ्याने चेंडू चार बोटे सरकवला. डेनिसची लाथ बसली ती अशी, की चेंडू गोलावरून, भिंतीवरून, थेट समुद्रात गेला. तो पुन्हा सापडला नाही. हॉलंडला पोहोचला, असे गाव म्हणू लागले, आणि पुढे पन्नास वर्षे डेनिसला कुठल्याही गुत्त्यात स्वतःच्या पैशाने बिअर घ्यावी लागली नाही. दुसऱ्या गावाने असा माणूस विसरून टाकला असता. स्कारनेसने त्याला मिरवला.

मरताना तो म्हणाला होता, “मला त्या ठिपक्यावर ठेवा. निदान पुढच्याचा चेंडू हलायचा नाही.”

तसेच केले. एका फेब्रुवारीच्या शनिवारी, सामन्याआधी, माळी क्लिफने ठिपक्यावर वीतभर खड्डा घेतला, बाईंनी स्वतः राख ओतली, क्लिफने वर हिरवळीचा तुकडा दाबला. मध्यंतराला बाई टपरीवर उभ्या राहून चहा देत होत्या. रडल्या नाहीत. तेव्हाही नाहीत, आणि नंतरच्या सगळ्या वर्षांतही नाहीत. थंडीत बोटे बधिर होतात तसे त्यांचे आतले काहीतरी झाले होते; काम सगळे करत होते, पण कप गरम आहे की गार, एवढे सांगत नव्हते.

ग्रॅहमने ओकच्या लाकडाची पेटी करवून घेतली होती. रविवारी सगळ्यांसमोर ठिपक्याची माती उचलायची, पेटीत भरायची आणि चर्चच्या आवारात पुरायची, असे त्याने ठरवले. समारंभात फावडी आपटत बसणे बाईंना मान्य नव्हते. म्हणून शनिवारी दुपारीच त्यांनी क्लिफला मैदानावर बोलावले. पेगला बोलावले नव्हते. ती आपली आपण आली.

“चौरस काप,” बाई म्हणाल्या. “कडा सरळ. उद्या हात घातला की उचलता आला पाहिजे.”

क्लिफने फावडे उभे धरले आणि तसाच राहिला. “कुठं कापू, बाई?”

“कुठे म्हणजे? ठिपका काय मी हलवलाय?”

“हलवेलही हो ही,” पेग म्हणाली. “त्या लिंकनहून आलेल्या पंचाला नव्हतं हलवलं? बिचारा चहा न पिताच पळाला.”

क्लिफ हसला नाही. टोपी काढून त्याने पुन्हा घातली. “बाई, दर मे महिन्यात ही माती मी कोपरभर खोल काढतो.”

“मला सांगतोस? काढायला मीच लावते तुला.”

हे खरे होते. त्रेपन्न साली समुद्र भिंत फोडून गावात शिरला, तेव्हा मैदानावरचे सगळे गवत मिठाने जळून गेले होते. मग घराघरांतून माणसे आपापल्या परसातली माती घेऊन आली. बादल्यांतून, बाबागाड्यांतून, मासळीच्या हातगाड्यांवरून. सोळा वर्षांची ऑड्रीही आली होती. गावाच्या बागांनी मैदान पुन्हा भरले. तेव्हापासून रीत पडली: हंगाम संपला की मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही गोलांपुढची झिजलेली माती उपसायची, प्रत्येक घराने परसातली बादलीभर नवी माती आणायची, आणि जुनीतली बादलीभर घरी न्यायची. ठराव कोणी केला नव्हता, पण बादलीचा रविवार कधी चुकला नव्हता. यंदाच तेवढा झाला नव्हता. प्लास्टिकला माती कशाला हवी?

“आणि पहिली बादली,” क्लिफ हळू म्हणाला.

“पहिली बादली माझी. डेनिस गेल्यापासून तो मान क्लबाने मला…”

वाक्य तिथेच राहिले. समुद्राकडून एक कुरकुरता पक्षी आला, गोलाच्या आडव्या दांड्यावर बसला आणि उडून गेला.

“पहिली बादली ठिपक्याची,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे,” क्लिफ म्हणाला. “मला वाटलं, बाईंना डेनिसना घरी न्यायचंय, पण चारचौघांत बोलायचं नाहीय. म्हणून मी ती बादली जपून भरायचो. पहिल्या वर्षी तर हातानं भरली, बाई. दुसऱ्याच्या बादलीत एक ढेकूळ जाऊ दिलं नाही.”

बाईंनी ठिपक्याकडे पाहिले. पांढरा रंग नवा होता. खाली असलेली माती कोणाच्या तरी बागेतली होती. मिसेस पॉटरच्या गुलाबांची किंवा पोस्टमनच्या कांद्यांची. खड्डा घेताना त्या इथेच उभ्या होत्या. मे महिन्यात माती काढतानाही त्या इथेच उभ्या असत, पदर नसला तरी कंबर कसून, हुकूम सोडत. दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि एकीला दुसरीशेजारी कधी ठेवले नव्हते.

“मग तू काय केलंस त्या मातीचं?” पेगने बाईंना विचारले.

“बटाट्यांना भर घातली.”

“अगं बाई! दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“म्हणजे सुगीच्या जेवणाला तू चर्चमध्ये जे बटाटे…” पेगने तोंडावर हात ठेवला. “ऑड्री, पाद्रीबुवांनी दोनदा वाढून घेतले होते गं!”

“चांगलेच होते ते,” बाई म्हणाल्या. “क्लिफ, फावडं पुसून ठेव. आणि पेग, तू तोंड बंद ठेव. जमेल तेवढा वेळ.”

घरी चालत जाताना त्यांनी आतून काही वर येते का, याची वाट पाहिली. बंद झालेल्या मार्गावर बसची वाट पाहावी, तसे ते होते. परसात बटाट्याचे वरंबे सरळ रेषेत उभे होते, पाला दाट, कोठे तण नाही. संध्याकाळी ग्रॅहम जेवायला यायचा होता. बाईंनी दातेरी फावडे घेतले, नेहमीप्रमाणे एक वाफा उकरला, कोवळे बटाटे धुतले आणि पुदिन्याच्या काडीबरोबर उकडायला टाकले. दुसरे काही करण्याचे त्यांच्या मनात आले नाही, असे नव्हे. मनातच काही आले नाही.

ग्रॅहम पेटी घेऊनच आला. साठीला टेकलेला तो जाडजूड माणूस आईच्या दारात नेहमी पाय पुसून उभा राहत असे, तसा राहिला. पेटीवर पितळी पट्टी होती. बाईंनी बोट फिरवून पाहिले. काम स्वच्छ होते.

“आई, अजून रागावलीस माझ्यावर?” बटाट्यावर लोणी टाकत त्याने विचारले.

“राग यायला आत काहीतरी पेटावं लागतं. जेव.”

तो जेवू लागला. मग म्हणाला, “सभेत हात वर केला ना, तेव्हा आधी बाबाच डोळ्यांपुढे आले. त्यांच्यावर प्लास्टिक घालायला मीच निघालो होतो. तेव्हापासून नीट झोप नाही. उद्या ते व्यवस्थित बाहेर आले, पेटीत गेले, की मग…” त्याने हात हलवला. “हे बटाटे काय सुंदर आहेत गं. दुकानात नाही मिळत असे.”

बाईंच्या ध्यानात आले, की आता गप्प राहणे सोपे आहे. उद्या हा ठिपक्यावरची माती उचलेल, पाद्रीबुवा दोन शब्द बोलतील, पट्टी चमकेल, आणि हा झोपेल. ठाऊक असणारी माणसे दोनच; त्यांतली एक पेग होती खरी, पण पेगलाही दटावता आले असते. फक्त चर्चच्या आवारात लॅमिंगांच्या नावाखाली पोस्टमनच्या कांद्यांची माती पुरली गेली असती. लॅमिंगांच्या घरात आजवर खोटे काही पुरले गेले नव्हते.

“तुझे बाबा ठिपक्यावर नाहीत,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितले. चढ नाही, उतार नाही; हवामानाची बातमी सांगावी तसे. ग्रॅहमने काटा खाली ठेवला. मग तो उठला, मागचे दार उघडले आणि परसाकडे तोंड करून उभा राहिला. बाई बसून राहिल्या. त्यांच्या ताटात दोन बटाटे उरले होते. ताटात टाकायची रीत त्या घरात नव्हती. त्यांनी ते संपवले.

“आई,” दारातून आवाज आला, “बाबांना बटाटे आवडायचे का गं?”

“तळलेले. उकडलेल्यांना नावं ठेवायचे.”

त्याचे खांदे हलू लागले. आधी ते हसणे होते, मग नव्हते. बाई उठल्या, त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवायचा असतो, ते त्यांना आठवेना, म्हणून तो थांबेपर्यंत ठेवला.

“पेटीचं काय करू?” शेवटी त्याने विचारले.

“चांगलं लाकूड आहे. टपरीत चहाची पुडकी ठेवू.”

“आणि उद्या लोकांना काय सांगू?”

“बादल्या घेऊन या म्हणावं.”

सांगण्याची गरज पडली नाही. पेगला तोंड बंद ठेवणे जेमतेम चहाच्या वेळेपर्यंत जमले होते. रविवारी सकाळी फाटकाबाहेर अख्खे गाव बादल्या घेऊन उभे होते. पत्र्याच्या, प्लास्टिकच्या, वाळूचे किल्ले करायच्यासुद्धा. कोणीही डेनिसचे नाव काढले नाही. पाद्रीबुवा मात्र बाईंना पाहून लाल झाले आणि त्यांनी टोपी जरा जास्तच वर उचलली.

“रांग लावा,” बाई म्हणाल्या. “घराला एक बादली हा नियम आज नाही. उद्या यंत्र ही माती कुठल्यातरी खाणीत नेऊन टाकणार आहे. ज्याची होती, त्याने न्यावी.”

क्लिफने समुद्राकडच्या गोलापासून सुरुवात केली. पहिली बादली भरली, कडी फडक्याने पुसली आणि नेहमीप्रमाणे बाईंसमोर आणून ठेवली. रांग थांबली. बाईंनी बादलीकडे पाहिले आणि हनुवटीने मुलाकडे खूण केली.

“त्याला दे.”

ग्रॅहम गोंधळला. “मला? आई, माझ्याकडे माती कुठे आहे? पुढे-मागे सगळी फरशी घातलीय मी.”

“ठाऊक आहे. घातलीस तेव्हाच सांगितलं होतं, घराला परस हवा.”

“मग ही ओतू कुठे?”

“दोन फरश्या उचल,” बाई म्हणाल्या. “भर घालायची माती माझ्या वाफ्यातून ने. हवी तेवढी. आणि बियाणं मार्चमध्ये मागायला ये. दुकानातलं आणलंस तर दारात उभा करणार नाही.”

रांगेत कोणीतरी हसले. ग्रॅहमने बादली उचलली. ती त्याला वाटली त्याहून जड निघाली; एका बाजूला कलून तो फाटकाबाहेर पडला आणि समुद्राच्या रस्त्याने घराकडे चालू लागला. बाई तो वळेपर्यंत पाहत राहिल्या. मग टपरीत गेल्या, किटली ठेवली, कप मांडले.

पेग काहीतरी बोलत होती. बाईंचे लक्ष आपल्या उजव्या हाताकडे होते. त्या सकाळी त्यांनी एकही बादली उचलली नव्हती, तरी तळहातावर कडीचा वळ उठावा तसे काहीतरी दुखत होते.