परसातली माती

“तुमचं घर या नकाशात नाहीच,” नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला.

“नाही कसं? सकाळी कुलूप लावून आले की मी!”

तो हसला. “बाई, नकाशा जुना आहे. तुमची वसाहत व्हायच्या आधीचा.” त्याने गल्लीच्या वळणावर बोट ठेवलं. “इथे बॅटऱ्यांचा कारखाना होता. आणि तुम्ही परस म्हणताय ना, तिथे हा खड्डा.”

त्याने कारखान्याच्या परवान्याची फाईल तिच्यापुढे सरकवली. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे आणि उरलेलं आम्ल त्या खड्ड्यात सोडायचे. पुढे कारखाना बंद पडला, खड्डा बुजवला, वर प्लॉट पडले.

ती टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर एकटीच राहायची. घर विकून लेकीच्या शहरात, तिच्या शेजारचीच खोली घ्यायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही चालून आलं होतं, एक तरुण जोडपं. बायको गरोदर. घर बघताना ती मुलगी परसात थबकली होती. “काकू, इथे काहीच कसं उगवत नाही हो?”

“ऊन लागत नाही ना,” तिने ठोकून दिलं होतं. ऊन तर रखरखीत पडलं होतं. तेव्हापासून तो प्रश्न तिच्या मनातून हलेना, म्हणूनच आज ती कचेरीत आली होती.

“घर विकताय ना?” कारकून हळूच म्हणाला. “मग कशाला मढी उकरता? ठेवून देऊ फाईल?”

“नको. याची नक्कल द्या मला.”

लेक फोनवर चिडलीच. “आई, तुला कुणी सांगितलं होतं नसत्या चौकशा करायला? इकडे खोली रंगवून घेतलीय मी तुझी.”

“हो? कुठला रंग?”

“विषय बदलू नकोस.”

“तिला सातवा महिना आहे गं.”

लेक म्हणाली, “बरं. ठेवते.”

संध्याकाळी ते जोडपं आलं. तिने कागद पुढे ठेवले. नवऱ्याने ते दोनदा वाचले. जाताना ती मुलगी वाकून पाया पडायला लागली. “अगं, वाकू नकोस,” म्हणत तिने तिला धरलं. फाटक लागल्याचा आवाज आला.

ती मागच्या दारी आली. दर वर्षी तिचा नवरा इथे काहीतरी लावायचा. कधी वांगी, कधी जास्वंद. सगळं जळून जायचं. “माझा हातगुणच वाईट,” असं म्हणत म्हणतच तो गेला. गंमत म्हणून तीही हो ला हो करायची.

“अहो, तुमचा हातगुण वाईट नव्हता,” ती म्हणाली.

शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाईने वाकून पाहिलं. “मला काही म्हणालात?”

“नाही हो,” ती म्हणाली आणि दार लोटून आत गेली.