पान एकशे बारावरचं बिस्किट

आधीच सांगून टाकते, मी पुस्तकं वाचणारी बाई नाही. आजारी माणसांचं घरी जाऊन करते मी. अंग पुसायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची आणि दर तासाला काय केलं ते वहीत लिहायचं. अठरा वर्षं झाली. आणि माझ्या मुळावर उठलं ते एक पुस्तक. आता बोला.

झालं असं, की एका घरी नवीन काम धरायला गेले. दारातच सुनेने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत गेली आणि एक कादंबरी घेऊन आली. "ही दगडी बाई म्हणजे तुम्हीच ना?" मी म्हटलं, कोण दगडी बाई? तिने पान एकशे बारा काढून माझ्या हातात दिलं. दारात उभ्याउभ्याच वाचलं. म्हातारा बाप शेवटचे श्वास घेतोय, मुलगा त्याचा हात धरून बसलाय आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर सेवेला ठेवलेली बाई बिस्किट खातेय. कुरकुर, कुरकुर. बाप गेला, तशी ती बोटं चाटते आणि वहीत वेळ लिहिते.

खोटं कशाला बोलू, त्या मुलासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बिस्किटवालीला मी मनातल्या मनात सटवी म्हटलं. मग खालच्या ओळीत तिच्या डाव्या भुवईवरचा व्रण आला, एप्रनची उसवलेली शिवण आली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्रण माझा, शिवण माझी, वहीतली वाक्यं तर शब्द न् शब्द माझी. मी मान वर करेपर्यंत सुनेने पुस्तक काढून घेतलं आणि दार लावलं.

आधीच्या दोन घरांची कामं का सुटली, ते तेव्हा कळलं. आम्हाला कामं देणारी ब्यूरोवाली बाई म्हणाली, "ती बाई तू नव्हेस, असं त्या लेखकाकडून वदवून आण. नाहीतर मी तुला पाठवू कुठे? लोक फोटो बघूनच नको म्हणतात." लेखकाला फोन लावला. तर म्हणतो कसा, "अहो, कादंबरी आहे ती. मनाला लावून घेऊ नका." मनाचं कसलं घेऊन बसलाय मेला! इथे पोटावर पाय आला होता.

तरी मी त्याला चांगली ओळखून होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचं मीच केलं होतं, साडेचार महिने; वही त्याच्याच घरी राहिली. आजोबा म्हणायचे मी त्यांना. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. डोळे गेले तरी माझ्या एप्रनची शिवण बोटांनी चाचपायचे आणि "कुणी शिवलंय हे?" म्हणून खेकसायचे.

रविवारी दुपारी वाचनालयात त्या पुस्तकावर चर्चा आहे, लेखक येणार आहे, असं पेपरात वाचलं. गेले.

वरच्या मजल्यावर लांबट खोली, तीसेक खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर तेच पुस्तक. समोर लेखकसाहेब. गालांवर चांगलं मांस चढलेलं, दुःख मानवलं होतं त्याला. शेजारी एक प्राध्यापिका. मी मागच्या रांगेत टेकले.

"वाचकाच्या मनात सहानुभूती कशी तयार होते, बघा," प्राध्यापिका सांगत होती. "सगळं आपल्याला मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या कुणाच्या मनात शिरायला वाटच ठेवलेली नाही. मुलगा रडत नाही, वडिलांच्या चष्म्याची काच पुसत बसतो. तो रडत नाही म्हणून आपण रडतो. आणि ती दगडी बाई! तिच्या वहीतल्या कोरड्या नोंदी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला येतात. 'कूस बदलली. पाणी दोन चमचे.' तो कोरडेपणा वाचून आत गेलं, की मुलाचा साधा उसासाही आपल्याला भिडतो. आणि ते बिस्किट! त्या एका आवाजाने लेखकाने सगळी खोली मुलाच्या बाजूला वळवली."

खोली वळलेलीच होती. पुढची एक बाई नाक पुसत म्हणाली, "असल्यांना घरात घेतातच कशी माणसं?" तिच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मी असतो तर तिथल्या तिथे हाकलली असती." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मग हाकला," मी उठून म्हटलं. "ती बाई मी."

तीस माना वळल्या. लेखकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बिस्किट मी खाल्लं. पाच वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टर येऊन गेले, आजोबांचं अंग पुसलं, धुतलेले कपडे घातले, त्यानंतर. आणि ते बिस्किट ह्या साहेबांनीच आणून दिलं, चहाबरोबर. 'सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही,' म्हणाले. मग ह्यांनी केलं काय, तर ते बिस्किट उचललं आणि दीड तास अलीकडे नेऊन ठेवलं. बस्स. तेवढ्याने मी डाकीण झाले. आणि कुरकुर कसली हो? सादळलेलं होतं ते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राध्यापिका म्हणाली, "घटनांची वेळ बदलणं हा लेखकाचा हक्क आहे, बाई."

"आणि माझी तीन कामं गेली, तो कुणाचा हक्क?"

तोवर लेखक सावरला होता. आवाज अगदी लोण्यासारखा. "मला तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मी लिहिलं ते तुमच्याच वहीवरून. 'तीन चाळीस. श्वास थांबला. मुलगा हात धरून जवळ.' अक्षर तुमचं आहे. हे खोटं आहे का? सांगा ना."

आणि थांबला. मी बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या कामात वही म्हणजे सगळं. तिच्यावर डॉक्टर औषध ठरवतात, तिच्या भरवशावर घरची माणसं निर्धास्त झोपतात. बिस्किट खाणारीला एखादं घर मिळेलही. वहीत खोटं लिहिणारीला ब्यूरो दारात उभी करणार नाही. तेव्हा मूग गिळून खाली बसावं, हेच शहाणपणाचं होतं. पण तो हसला. ओठ मिटून, जरासाच. तिथे माझं डोकं फिरलं.

"खोटं आहे," मी म्हटलं. "तेव्हा हे बाथरूममध्ये होते. आतून कडी लावून, नळ सोडून, उलट्या बादलीवर बसून. मी तीनदा हाक मारली, हे आले नाहीत. हात मी धरला. आजोबा शेवटचं बोलले, ते मी ऐकलं. मग हे बाहेर आले, माझ्यापुढे हात जोडले. 'मोठ्या बहिणीला काय सांगू? तेवढी एक ओळ लिहा,' म्हणाले. दया आली मला. लिहिली. अठरा वर्षांत तेवढी एक ओळ खोटी लिहिली, आणि तिच्यावर ह्यांनी दोनशे पानं उभी केली."

मला वाटलं, आता ह्याचं बिंग फुटलं, आता लोक ह्याची हजेरी घेतील. कसलं काय! लेखकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि नाक पुसणारी बाई गळा काढून म्हणाली, "अरे देवा, नळ सोडून बसला! किती सोसलं असेल पोराने!" ते हाकलणारे गृहस्थ उठले, पुढे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. प्राध्यापिका चष्मा काढून म्हणाली, "हे तर पुस्तकाहून खोल आहे. दुसऱ्या आवृत्तीत हे यायलाच हवं." मग ती माझ्याकडे वळली. आवाज बदलला. "पण म्हणजे, पेशंटच्या वहीत तुम्ही खोटं लिहिता?"

पुन्हा तीस माना माझ्याकडे. पुढच्या रांगेतल्या एकीने तर फोन काढून माझा फोटो घेतला. कपाळ माझं. अठरा वर्षांचं काम माझ्याच तोंडाने संपवलं होतं मी. पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

जिन्यात अर्ध्यावर त्याने मला गाठलं. धापा टाकत होता. पुस्तकी भाषा सगळी वरच राहिली होती.

"थांबा. काय म्हणाले बाबा? शेवटी?"

पान एकशे बारावर त्याचा बाप म्हणतो, "तू होतास ना, बस झालं." वरच्या तीसही माणसांना ते पाठ होतं. ते त्याने बसून रचलेलं, हे त्याला ठाऊक होतं आणि मला.

खरं काय झालं ते सांगते. आजोबांना दिसत नव्हतंच. त्यांनी विचारलं, "तो आला?" मी म्हटलं, "हा काय, तुमचा हात धरून बसलाय." माझे हात नुकतेच फडकं पिळून गार पाण्यातून काढलेले. त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली. जन्मभर कापड चाचपलेला माणूस तो, हात कुणाचा ते त्यांना कळलं का, हे मला आजही ठाऊक नाही. म्हणाले, "किती गार पडलाय गं हा. ह्याला पांघरायला दे काहीतरी." एवढंच. मग तीन चाळीस झाले.

सांगणार होते मी. जिभेवर आलं होतं. तो दोन पायऱ्या वर उभा होता, चेहरा पार उतरलेला. एकदा त्याची दया केली होती, पुन्हा येत होती. तेवढ्यात त्याचा हात खिशाकडे गेला. रुमालासाठी गेला की टिपून घ्यायच्या पेनासाठी, देव जाणे. मी बघायला थांबले नाही.

"पान एकशे बारा," मी म्हटलं. "तुम्हीच लिहिलंय ना? तेच वाचा."

आणि उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.